दोतोर्नीची परीक्षा कोणी द्यायची?

रविवारच्या धर्मशिक्षणाचे, म्हणजे गोव्यात ज्याला घरोघरी दोतोर्न म्हणतात तिचे, पुढे काय करायचे हा वाद इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, सभागृहापासून जेवणाच्या टेबलापर्यंत अधूनमधून पेटतो आणि दर वेळी त्याच दोन छावण्या समोरासमोर येतात. एक छावणी म्हणते की दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्यानंतरचा विश्वास पक्का करण्याचा संस्कार, घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलाला दहा आज्ञासुद्धा धड सांगता येत नाहीत. तेव्हा अभ्यासक्रम वाढवा, हजेरी सक्तीची करा, लेखी परीक्षा घ्या आणि नापास होईल त्याला थांबवा. आरंभीच्या ख्रिस्तसभेने तीन तीन वर्षे शिकवल्याशिवाय कोणाला बाप्तिस्मा दिला नाही, मग आपण एवढे सैल का, हा तिचा हुकमी प्रश्न. दुसरी छावणी म्हणते की पहिले ख्रिस्ती घराघरांत जमत, एकत्र भाकर मोडत, त्यांच्याकडे ना पाठ्यपुस्तक होते ना फळा; तेव्हा हे वर्ग बंद करा, शाळेच्या जाचातून मुलांना रविवारी तरी सोडवा. दोघेही दाखला देतात तो पहिल्या शतकांचा, आणि दोघेही त्या शतकांतून तेवढेच उचलतात जेवढे त्यांना आधीपासून हवे होते.

पहिल्या चार शतकांकडून घेण्यासारखी गोष्ट या दोघांच्याही हातून निसटते, असे माझे मत आहे. त्या काळी शिकणाऱ्याची तयारी किती झाली हे त्याला एकट्याला विचारून ठरत नसे; त्याच्याबरोबर राहणाऱ्यांना विचारून ठरे. आणि ज्या अर्थी त्यांना विचारले जाई त्या अर्थी त्याची जबाबदारीही त्यांच्यावर येई. परीक्षा होती, पण निम्म्याहून अधिक परीक्षा मंडळीची, म्हणजे त्याच्या सोबतच्या ख्रिस्ती समाजाची, होती. आज आपण जी दोतोर्न चालवतो तिच्यात मुलाला विचारतात, शिक्षिकेला विचारतात, फार तर पाद्र विगाराला, म्हणजे इगर्जीच्या मुख्य धर्मगुरूला, विचारतात. बाकी गावाला कोणी काही विचारत नाही. दुरुस्ती व्हायची तर ती येथे व्हायला हवी, आणि ती परीक्षा कडक केल्याने किंवा वर्ग मोडल्याने होणारी नाही.

तीन वर्षांचा जो नियम वारंवार पुढे केला जातो, तो रोमच्या हिप्पोलितसच्या नावावर असलेल्या, तिसऱ्या शतकाच्या आरंभीच्या मानल्या जाणाऱ्या एका विधिग्रंथातला आहे. तो खरोखर त्याचाच आहे की निरनिराळ्या काळांतले थर त्यात मिसळले आहेत, यावर विद्वानांत एकमत नाही. पण तो वाद बाजूला ठेवला तरी नियम उद्धृत करणारे त्याच्या लगतचे वाक्य वगळतात, ही गोष्ट उरतेच. दीक्षार्थीने, म्हणजे बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्याने, तीन वर्षे वचन ऐकावे, असे सांगून तो ग्रंथ लगेच म्हणतो की एखादा मनापासून झटत असेल तर काळ मोजू नये, वर्तन पाहावे. आणि बाप्तिस्म्यासाठी निवड करताना काय विचारावे? दीक्षार्थी असताना हे लोक नीट वागले का, त्यांनी विधवांचा मान राखला का, आजाऱ्यांना भेटायला गेले का, सत्कर्मे केली का. या यादीत पाठांतर कोठेच नाही. शिवाय या प्रश्नांची उत्तरे दीक्षार्थी देत नाही. त्याला घेऊन येणारे देतात. तीन वर्षांच्या नावाने लेखी परीक्षा मागणाऱ्यांनी हा उतारा एकदा शेवटपर्यंत वाचावा.

वर्ग मोडायला निघालेल्यांची अडचण याहून मोठी आहे, कारण त्यांच्या कल्पनेतली ती फळा नसलेली, मोकळीढाकळी ख्रिस्तसभा प्रत्यक्षात शिकवण्याच्या बाबतीत बरीच हट्टी होती. पहिल्या शतकाच्या अखेरीच्या किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीच्या सुमारास लिहिलेली ‘दिदाखे’ ही छोटी पुस्तिका, जी 1873 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला एका हस्तलिखितात पुन्हा सापडली, ती जीवनाचा एक मार्ग आणि मरणाचा एक मार्ग असे दोन मार्ग समोर ठेवून बाप्तिस्म्याआधीची शिकवण अगदी तपशिलाने मांडते. जेरुसलेमच्या सिरिलने चौथ्या शतकाच्या मध्यास दिलेली प्रस्तावना आणि अठरा प्रवचने आज उपलब्ध आहेत, आणि ती ऐकायला बसलेल्यांना आळस परवडणारा नव्हता. बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात पहिल्या ख्रिस्ती लोकांचे जे वर्णन येते त्यातही प्रेषितांची शिकवण हा शब्दप्रयोग भाकर मोडण्याच्या आधी आहे. घर होते म्हणून शिस्त नव्हती, हे अनुमान कोठून निघाले?

या सगळ्याचे सर्वांत जिवंत चित्र एका प्रवासी बाईने काढून ठेवले आहे. एजेरिया नावाची ही यात्रेकरू 381 ते 384 च्या दरम्यान जेरुसलेमला होती आणि आपल्या मायदेशीच्या भगिनींना तिने जे लिहिले त्यात प्रायश्चित्तकाळातल्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळातल्या, शिकवणीचा डोळ्यांनी पाहिलेला वृत्तांत आहे. बिशपचे आसन मध्ये मांडलेले असते, दोन्ही बाजूंना धर्मगुरू बसलेले असतात, आणि एकेका उमेदवाराला आणले जाते. पुरुष असेल तर धर्मपित्याबरोबर, स्त्री असेल तर धर्ममातेबरोबर. बिशप त्यांच्या शेजाऱ्यांना विचारतो: हा माणूस सरळ वागतो का, आईवडिलांचा मान ठेवतो का, दारुडा तर नाही ना? साक्ष चांगली मिळाली की बिशप स्वतःच्या हाताने त्याचे नाव लिहून घेतो. मिळाली नाही तर त्याला सांगितले जाते, जा, सुधार, आणि मग ये. त्यानंतर रोज सकाळी तीन तास शिकवणी. धर्मपिते आणि धर्ममाता तेथे हजर असतात आणि आधीच बाप्तिस्मा झालेल्यांपैकी ज्यांना ऐकायचे आहे तेही आत येऊन बसतात. म्हणूनच, एजेरिया म्हणते, पुढे देवळात शास्त्रवाचन होते तेव्हा लोकांना ते कळते. ईस्टरच्या सणानंतरच्या आठवड्यात नवदीक्षितांना त्यांनी नुकत्याच अनुभवलेल्या संस्कारांचा अर्थ उलगडून सांगितला जातो, आणि तेव्हा ऐकणाऱ्यांचा आनंद इतका अनावर होतो की त्यांचा गजर दूर बाहेरपर्यंत ऐकू जातो. दोतोर्नीच्या वर्गातून बाहेर ऐकू येणारा आवाज आपल्या परिचयाचा आहे; तो शेवटची घंटा झाल्यावर येतो.

आपल्या रविवारचे दृश्य शेजारी ठेवून पाहावे. मिस्सा संपते, मुले वयानुसार वर्गांत पांगतात, एक शिक्षिका, बहुधा दिवसभर नोकरी करून आठवड्याचा एकच मोकळा दिवस देणारी, हजेरीच्या कार्डावर शिक्का मारते आणि संस्कार किती हे विचारते. मुले एका सुरात सात म्हणतात. बाहेर आवारात आईवडील गाडीत एसी लावून मोबाइल चाळत बसलेले असतात. त्यांच्यापैकी कित्येकांची स्वतःची दोतोर्न दृढीकरणाच्या दिवशी संपली, आणि त्यानंतर धर्माविषयी त्यांना कोणी काही शिकवले नाही, त्यांनीही काही विचारले नाही. ज्या ख्रिस्तसभेचा दाखला आपण देतो तिने मुख्यतः प्रौढांना शिकवले आणि मुले त्यांच्या मांडीवर बसून शिकली. आपण मुलांना शिकवतो आणि प्रौढांना पार्किंगमध्ये ठेवतो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला हे दिसत नाही असे समजणे भोळेपणाचे आहे. मोठे झाल्यावर यातून सुटका होते, हा धडा त्याला कोणत्याही पुस्तकाशिवाय पक्का पाठ होतो.

आता विरोधी मुद्दे. त्यांतले काही हलके आहेत, ते सोडून देतो. पहिला गंभीर मुद्दा असा की आरंभीच्या काळातले दीक्षार्थी बाहेरून, समजून-उमजून आलेले प्रौढ होते. आपली मुले बाप्तिस्मा झालेली, जन्माने ख्रिस्ती घरातली आहेत. त्यांना उमेदवार समजून दारात उभे करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? मुद्दा खरा आहे. बाप्तिस्मा झालेल्या मुलाला आपण अर्धवट ख्रिस्ती मानू शकत नाही आणि मानूही नये. पण यावरून निघते ते उलटेच. ख्रिस्ती माणूस जन्मत नाही, घडतो, असे तेर्तुल्यन या ख्रिस्ती लेखकाने दुसऱ्या शतकाच्या अखेरीस लिहिले तेव्हा तो बाहेरून आलेल्यांविषयी बोलत होता; बाप्तिस्मा तान्हेपणी देण्याची रीत रुळल्यावर हे घडवणे बाप्तिस्म्याच्या आधीचे न राहता नंतरचे झाले, एवढाच फरक पडला. बाप्तिस्म्याच्या वेळी मूल काहीच म्हणू शकत नाही, त्याच्या वतीने आईबाप आणि पाद्रीन-माद्रीन, म्हणजे धर्मपिता आणि धर्ममाता, वचन देतात. मग दहा-बारा वर्षांनी त्या वचनाचे काय झाले हे कोणाला विचारायचे, मुलाला की वचन देणाऱ्यांना? तान्ह्यांचा बाप्तिस्मा मान्य केला की साक्षीदारांची जबाबदारी कमी होत नाही, दुप्पट होते. आपल्याकडे मात्र पाद्रीन म्हणजे बहुधा गल्फातला मामा किंवा लंडनातला काका, जो समारंभाला विमानाने येतो, सोन्याची साखळी घालतो, फोटोत उभा राहतो आणि पुढच्या सुट्टीपर्यंत दिसत नाही. त्याच्या प्रेमाविषयी मला शंका नाही. पण नात्यातल्या माणसाचे प्रेम आणि धर्मपित्याची जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीची आपण पहिलीत भेसळ करून टाकली आहे.

दुसरा मुद्दा असा की ती प्राचीन व्यवस्था स्वतःच टिकली नाही, मग तिचे गोडवे कशाला? हाही खोटा नाही. दीक्षा कठीण केल्याचा परिणाम असा झाला की लोक ती पुढे ढकलू लागले. सम्राट कॉन्स्टंटाइनने बाप्तिस्मा घेतला तो 337 मध्ये मरणशय्येवर. 374 मध्ये मिलानच्या लोकांनी अँब्रोसला बिशप निवडले तेव्हा त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. काही दिवसांत त्याला सगळे संस्कार एकापाठोपाठ द्यावे लागले. उंबरा फार उंच केला की माणसे अंगणातच संसार थाटतात, हे तेव्हाच दिसून आले होते. परीक्षा कडक करा म्हणणाऱ्यांनी चौथ्या शतकाचा हा अनुभव विसरू नये, कारण तो त्यांच्याच विरुद्ध जातो. पण अडथळा उंच करणे आणि साक्ष मागणे या एकच गोष्टी नव्हेत. त्याच शतकातला सिरिल आपल्या श्रोत्यांना उघड सांगतो की तुमच्यात कोणी बायकोचे मन राखायला आला असेल, कोणी नवऱ्याचे, कोणी गुलाम मालकाला खूश करायला आला असेल. असो, मी ते आमिषही स्वीकारतो, जाळ्यात आलात ते बरे झाले. हेतू शुद्ध नसला तरी त्याने दार लावले नाही. आपल्याकडे पुष्कळ मुले दृढीकरणाला येतात ती पुढे इगर्जीत लग्न करताना कागद लागेल म्हणून, आणि ही गोष्ट दबक्या आवाजात, लाज वाटल्यासारखी बोलली जाते. सिरिलला तिची लाज वाटली नसती. त्याने तेथूनच सुरुवात केली असती.

तिसरा मुद्दा मला सर्वांत जड वाटतो आणि तो खास गोव्याचा आहे. शेजाऱ्यांची साक्ष, असे म्हटल्यावर गोव्यातल्या कोणाही जाणत्या माणसाच्या अंगावर काटा यायला हवा. 1560 ते 1812 या काळात, मधली थोडी वर्षे सोडली तर, येथे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मभ्रष्टतेची चौकशी करणारे चर्चचे न्यायालय, होते, आणि ते चालत होते ते शेजाऱ्यांच्याच सांगण्यावर. कोणाच्या दारात तुळस आहे, कोणाच्या लग्नात जुनी गाणी म्हटली, कोणाच्या घरी कोणत्या दिवशी काय शिजले, हे सांगणारे शेजारीच होते. 1736 च्या फर्मानाने अशा बंदी घातलेल्या चालीरीतींची लांबलचक यादीच जाहीर केली. ज्या समाजाने अडीच शतके शेजाऱ्याच्या डोळ्याला भिऊन काढली, त्याला पुन्हा शेजाऱ्याची साक्ष काढायला सांगणे म्हणजे जुनी जखम उघडणे नव्हे काय? त्यात गावकीचे राग-लोभ, वाड्यावाड्यांतली भांडणे, आणि कोणत्या जातीला कोणती कोंफ्रारी (इगर्जीचा बंधुसंघ), फेस्ताचा म्हणजे सणाचा मान कोणाच्या घराकडे, ही सगळी न बोललेली पण सगळ्यांना ठाऊक असलेली गणिते. अशा ठिकाणी साक्षीची चावडी केव्हा होईल, याचा नेम नाही.

हा आक्षेप मी टाळू इच्छित नाही, पण दोन साक्षींतला फरक त्यात पुसला जातो आणि सगळा प्रश्न त्या फरकावर उभा आहे. इन्क्विझिशनपुढे साक्ष गुप्त होती. आपल्याविरुद्ध कोण बोलले हे आरोपीला कळू दिले जात नसे. ती माणूस आत आल्यानंतर घेतली जाई, दंड करण्यासाठी घेतली जाई, आणि साक्षीदाराला तिची काही किंमत मोजावी लागत नसे. जेरुसलेममधली साक्ष उघड्यावर होती, उमेदवाराच्या तोंडावर होती, त्याला आत घेण्यासाठी होती. आणि जो त्याच्या वतीने उभा राही तो रोजच्या शिकवणीला त्याच्याबरोबर हजर राही. पहिल्या प्रकारात साक्षीदार दुसऱ्याला अडकवून मोकळा होतो, दुसऱ्या प्रकारात तो स्वतः अडकतो. गोव्याच्या इतिहासाने पहिला प्रकार भरपूर पाहिला, दुसरा फारच थोडा पाहिला. भीती पहिल्याची आहे, आणि ती रास्त आहे. तिच्यावरचा उपाय साक्षच बंद करणे हा असू शकत नाही, कारण मग उरते ती एकटी लेखी परीक्षा, जी कोणालाच कोणाशी बांधत नाही. जातीचे गणित राहिले. त्यावर पहिल्या शतकांकडे तयार औषध नाही, पण प्रामाणिक कबुली आहे: ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जाते म्हणून पहिल्याच मंडळीत कुरकुर झाली, ती दडपून न ठेवता सात माणसे नेमली गेली, आणि बायबलातले याकोबाचे पत्र सोन्याच्या अंगठीवाल्याला चांगली जागा आणि गरिबाला पायाशी बसवणाऱ्यांना नाव न घेता पण स्पष्ट झोडते. आपल्या दोतोर्नीच्या कोणत्या इयत्तेत कोंफ्रारी आणि जात हा पाठ आहे?

पाठांतराची बाजू मात्र मी मांडतो, कारण नव्या शिक्षणशास्त्राच्या नावाने तिची फार टवाळी झाली आहे. प्रश्नोत्तरांची पद्धत छापखान्याच्या युगात, सोळाव्या शतकात रूढ झाली. ल्यूथरची प्रश्नोत्तरी 1529 ची, कानिसियसची 1555 ची. तिने निरक्षर माणसाच्या हाती एक सामाईक भांडवल दिले. 1542 मध्ये गोव्यात उतरलेला फ्रान्सिस झेवियर हातात घंटा घेऊन रस्त्यांतून मुलांना आणि गुलामांना गोळा करी आणि पाठ घोकून घेई, त्यामागे याच विश्वासाचे बळ होते. पण आरंभीची ख्रिस्तसभाही पाठांतराच्या विरुद्ध नव्हती. बिशप दीक्षार्थींना मतांगिकार, म्हणजे श्रद्धेचे ठरलेले सूत्र, तोंडी देई, तो लिहून न घेता मनात साठवावा असे सांगे, आणि ठरल्या दिवशी तो त्यांच्याकडून परत ऐके. फरक होता तो कोणापुढे म्हणायचा यात. चौथ्या-पाचव्या शतकातला बिशप ऑगस्टीन याने रोममधल्या व्हिक्टोरिनस नावाच्या नामवंत वक्त्याची हकिगत सांगितली आहे. भर सभेत म्हणायला संकोचणाऱ्यांना मिळे तशी एकांतात म्हणण्याची सवलत धर्मगुरूंनी त्याला देऊ केली; ती त्याने नाकारली. तो सगळ्यांसमोर उंच जागी चढला तेव्हा ओळखणाऱ्यांनी आनंदाने त्याच्या नावाचा पुकारा केला, आणि मग ऐकण्यासाठी सगळे एकदम शांत झाले. पाठांतर तेच, परीक्षा तीच. पण गुण देणारा कोणी नव्हता, आणि ऐकणारी सगळी नगरी होती. आपण हेच पाठांतर बंद वर्गात, उत्तरपत्रिकेवर उतरवून घेतो, आणि वर मुलांना त्यात गोडी नाही म्हणून कपाळाला हात लावतो.

गोव्याला या बाबतीत बाहेरून उसने आणण्याची गरज कमी आहे, असे मला वाटते. गोव्यातल्या सासष्टीत काम करणाऱ्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूने ‘ख्रिस्तपुराण’ का लिहिले? तो स्वतःच पहिल्या अवस्वरूत, म्हणजे अध्यायात, सांगतो की शिकवणीला आलेल्यांपैकी एकाने त्याला विचारले: आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग तशीच दुसरी का देत नाही? म्हणजे 1616 मध्ये राशोलला छापलेला सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ एका श्रोत्याच्या तक्रारीतून जन्मला, आणि तक्रार ऐकण्याएवढा शिकवणारा शहाणा होता. पुढे रविवारी आणि सणावारी तो इगर्जीत मोठ्याने वाचला जाई. ऐकणाऱ्यांत म्हातारी माणसे असत, मुले असत, आणि वर्ग पाडलेले नसत. (मराठीच्या सभांतून त्यातली हरळांमाजी रत्नकिळेची एक ओवी आपण मोठ्या अभिमानाने म्हणतो, उरलेल्या ओव्या ज्यांनी वाचल्या आहेत असे वक्ते मी फार थोडे पाहिले.) ज्या राजवटीच्या सावलीत हे घडले तिने पुढे 1684 मध्ये लोकांच्या भाषेवरच फर्मान काढले, हे खरे आहे, आणि त्याच शतकांत तयारीवाचून समूहाने झालेले बाप्तिस्मेही खरे आहेत. म्हणूनच गोव्याच्या इतिहासात दोन्ही नमुने शेजारी शेजारी सापडतात: आधी पाणी ओतून मग पहारा ठेवणारा, आणि ऐकणाऱ्याच्या प्रश्नाला पुराण लिहून उत्तर देणारा. पहिल्या शतकांशी नाते सांगायचे असेल तर ते दुसऱ्याचे लागते.

दुसरी गोष्ट तर आजही चालू आहे. मे महिन्यात वाड्यावरच्या खुरसापाशी, म्हणजे क्रुसापाशी, लादाईन ही सामूहिक गायन-प्रार्थना होते तेव्हा काय होते ते पाहावे. कोणी मेणबत्त्या लावतो, कोणी व्हायोलिन आणतो, ज्याला लॅटिनचा एक शब्द समजत नाही तो दुसऱ्या सुरात बिनचूक गातो, मुले पुढे दाटीवाटीने उभी असतात, आणि शेवटी उकडलेले चणे वाटायचे काम त्यांच्याकडे येते. बोटीवरून रजेवर आलेला, एरवी इगर्जीत न फिरकणारा माणूसही तेथे उभा असतो. या जमावाला अभ्यासक्रम नाही, पण येथे प्रत्येक जण कोणाच्या तरी शेजारी उभा आहे. उणीव एवढीच की जे गायले त्याचा अर्थ कोणी सांगत नाही. जेरुसलेममध्ये अनुभव आधी आणि उलगडा नंतर असा क्रम होता. आपल्याकडे खुरसापाशी अनुभव आहे आणि उलगडा नाही, वर्गात उलगडा आहे आणि अनुभव नाही. चण्यांआधी कोणी पाच-दहा मिनिटे त्या लादाइनीतल्या एकाच ओळीचा अर्थ कोकणीत किंवा मराठीत सांगितला, तर वर्गातल्या निम्म्या तक्त्यांची गरज उरणार नाही.

कागदावर तर हे सगळे मान्य झालेलेच आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये प्रौढांसाठी टप्प्याटप्प्याची दीक्षा पुन्हा सुरू करायला सांगितले, 1972 मध्ये तिचा विधी आला, आणि धर्मशिक्षणाविषयीच्या 2020 च्या मार्गदर्शिकेनेही सर्व शिकवणीने प्रेरणा तेथूनच घ्यावी असे म्हटले. मग अडते कोठे? शिक्षक कोठून आणायचे आणि वेळ कोणाला आहे, या दोन प्रश्नांवर. वेळेचा प्रश्न मला पटत नाही. आवारात गाडीत बसलेली मंडळी तो तास तसाही देतच आहेत. शिक्षकांचा प्रश्न खरा आहे. कार्थेजचा देओग्रातियस हा उपधर्मगुरू याने 400 च्या सुमारास ऑगस्टीनकडे हीच तक्रार केली होती: तेच तेच सांगून मला स्वतःलाच कंटाळा येतो. ऑगस्टीनने त्याला नवा अभ्यासक्रम दिला नाही. त्याने सांगितले की मलाही माझे बोलणे बहुतेक वेळा आवडत नाही. समोरचा का आला ते आधी विचार, तो थकला असेल तर त्याला बसायला दे, जांभई आली तर विषय बदल, आणि तुझा आनंद टिकव, कारण ऐकणारा तोच ऐकतो. आपल्या दोतोर्नीच्या शिक्षिकांना आपण पुस्तके देतो, वेळापत्रक देतो. त्यांचा आनंद टिकला आहे का, असे कोणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

तेव्हा माझी सूचना मर्यादित आहे. मुलांच्या अभ्यासक्रमाला सध्या हात लावू नये. एका प्रायश्चित्तकाळापुरता, ज्या घरांत त्या वर्षी दृढीकरण आहे त्यांच्या आईबापांना आणि पाद्रीन-माद्रीनांना मुलांबरोबर एका खोलीत बसवावे. पाद्रीन परदेशी असेल तर वाड्यातला कोणी त्याच्या जागी उभा राहील, पण उभा राहील तो शेवटपर्यंत. ज्यांची मुले गल्फात किंवा बोटीवर आहेत अशी एकटी म्हातारी माणसे प्रत्येक वाड्यात आहेत. त्यांच्याकडे मुलाने आणि त्याच्या पाद्रिनाने मिळून जावे. आणि दृढीकरणाच्या दिवशी बिशपने प्रश्न मुलाला विचारण्याआधी त्याच्यामागे उभ्या असलेल्याला विचारावा: याच्याबरोबर तुम्ही काय केले?

एक अट मात्र हवी. एजेरियाच्या वृत्तांतात एक वाक्य असे आहे की ज्याला ओळखणारे कोणी नाही अशा परक्या माणसाला बाप्तिस्म्यापर्यंत पोचणे सोपे नव्हते. त्याच मंडळीत ग्रीक न कळणाऱ्यांसाठी शिकवण सिरियाक भाषेत सांगणारा धर्मगुरू होता, आणि फक्त लॅटिन येणाऱ्यांना दोन्ही भाषा जाणणारे भाऊ-बहिणी समजावून सांगत. तरीही परक्यापाशी तिचा हात आखडला. आज गोव्यात बांधकामावर आणि हॉटेलांत काम करणारे झारखंड, ओडिशा, कर्नाटकातले ख्रिस्ती भाड्याच्या खोल्यांत राहतात, मिस्सेला मागच्या बाकावर बसतात, आणि त्यांची मुले कोणत्या भाषेत शिकणार हे ठरवायला कोणाला सवड नाही. अशा मुलाबद्दल साक्ष द्यायला वाड्यात कोणी सापडले नाही, तर ती उणीव त्याच्या नावावर मांडायची की वाड्याच्या, हे आधी लेखी ठरवावे; ते ठरेपर्यंत पहिल्या शतकांचा कोणताही नियम येथे लावू नये.